एसीचा कुबट वास आणि केबिन फिल्टर

एसी लावताच गाडीत कुबट वास येतो? वारा मंद लागतो? गॅस भरायला धावण्याआधी केबिन फिल्टर पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागे असतो. गाडी बंद करा, कप्पा रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबा. तो खाली झुकतो आणि मागे प्लॅस्टिकचं अरुंद झाकण दिसतं. ते काढून फिल्टर अलगद ओढा, नाहीतर त्यातला पाचोळा पंख्यात पडेल. नवा बसवताना कडेवरचा बाण बघाच. तो हवेची दिशा दाखवतो, आणि घाईत चूक होते ती इथेच. कागदी फिल्टर धुऊ नका. साधारण १५,००० किलोमीटरनंतर तो बदलावा. घरात कुणाला दमा असेल, तर पावसाळा संपताच, कारण ओलसर फिल्टरवर बुरशी धरते.