हैदराबादच्या नांवाचें विमान

बिंदुसरेच्या कांठीं वसलेल्या बीड शहराचें नांव विमानविद्येच्या इतिहासांत कोणी शोधूं लागला, तर तें त्याला सहसा सांपडावयाचें नाहीं. तरीहि १९१८ सालीं जर्मनीवर बाँब टाकावयास गेलेल्या एका इंग्रजी विमानाशीं बीड जिल्ह्याचा संबंध पोंचतो. हा संबंध पराक्रमाचा नाहीं, पैशाचा आहे. आणि बीडच्या एखाद्या हौशी कारागिरानें त्या विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृति करावयाचें मनांत आणलें, तर करवतीला हात घालण्यापूर्वीं त्याला हा संबंध समजून घ्यावा लागेल.

पहिल्या महायुद्धाच्या काळीं बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील एक जिल्हा होता. आजूबाजूच्या इंग्रजी मुलुखांतील लोक ज्याला मोंगलाई म्हणत, तोच हा प्रदेश. तो १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे १९११ सालीं गादीवर आले, आणि तीनच वर्षांनीं युद्ध सुरू झालें. इंग्रज सरकारास त्यांनीं जी मोठी मदत केली, तींत एका संपूर्ण विमानतुकडीचा समावेश होता. इंग्रजी हवाई दलाची ११० क्रमांकाची तुकडी १९१८ च्या उन्हाळ्यानंतर फ्रान्समध्यें गेली, तेव्हां तिचीं मूळचीं सर्व बाँबफेकी विमानें निजामांच्या देणगींतून आलेलीं होतीं. या तुकडीला पुढें ‘हैदराबाद’ हें नांव कायमचें जोडलें गेलें, आणि तिच्या बोधचिन्हांतहि निजामांच्या चिन्हांतला वाघ आला. येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. पुढें १९२५ पासून इंग्रजी दलांत ‘हैदराबाद’ याच नांवाचें एक मोठें दोन इंजिनांचें बाँबफेकी विमान आलें, तें हँडले पेज कंपनीचें. त्याचा या देणगीशीं कांहीं संबंध नाहीं.

देणगीचें विमान म्हणजे डी. एच. ९-ए. दोन माणसांचें, दोन मजली पंखांचें, एका इंजिनाचें. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेलें तागाचें कापड, आणि नाकाशीं बारा सिलिंडरांचें अमेरिकन ‘लिबर्टी’ इंजिन. त्याची शक्ति सुमारें ४०० घोड्यांची. पुढें वैमानिक, मागें निरीक्षक. वैमानिकाची बंदूक फिरत्या पंख्यांतून नेम साधून गोळ्या झाडी. निरीक्षकाची बंदूक कड्यावर बसवून चहूंकडे फिरविलेली. पंखांखालीं व पोटाखालीं सुमारें साडेसहाशें ते सातशें रत्तल वजनाचे बाँब टांगीत. हीं विमानें युद्धांत नेणारी पहिली तुकडी हीच.

तिचें युद्ध दोन महिनेहि पुरें चाललें नाहीं. पहिली मोहीम १४ सप्टेंबर १९१८ रोजीं झाली, आणि ११ नोव्हेंबरास युद्ध थांबलें. एवढ्या थोड्या दिवसांत तिची हानि मात्र भयंकर झाली. दिवसाढवळ्या, शिकारी विमानांची सोबत नसतां, जर्मनीच्या आंत खोलवर जावयाचें आणि परतावयाचें, असें तिचें काम होतें. २१ ऑक्टोबरच्या एकाच मोहिमेंत तिचीं सात विमानें परत आलीं नाहींत. त्याआधीं, ५ ऑक्टोबरला, कायझरस्लाउटर्न गांवावर गेलेल्यांपैकीं एफ-१०१० क्रमांकाचें विमान शत्रूच्या मुलुखांत उतरलें. त्यांतील दोघेहि जर्मनांचे कैदी झाले.

प्रतिकृति करावयाची ती याच विमानाची. कारण तें अजून आहे. जर्मनांनीं तें मोडून टाकलें नाहीं. बर्लिनच्या विमानसंग्रहालयांत विजयचिन्ह म्हणून ठेवलें. दुसऱ्या महायुद्धांत बर्लिनवर बाँब पडूं लागले, तेव्हां तेथील कांहीं जुनीं विमानें पूर्वेकडे हलविण्यांत आलीं, त्यांत हेंहि होतें. युद्ध संपल्यावर तें पोलंडच्या हातीं लागलें व क्राकोच्या संग्रहालयांत राहिलें. १९७७ सालीं इंग्रजांनीं एक स्पिटफायर विमान देऊन तें बदल्यांत परत घेतलें, आणि बऱ्याच दुरुस्तीनंतर लंडनजवळच्या हेंडन येथील हवाई दलाच्या संग्रहालयांत मांडलें. डी. एच. ९-ए जातीचीं विमानें दोन हजारांच्या आसपास झालीं. आणि वाचलेलें एक नेमकें हैदराबादच्या देणगीचें निघावें, हा योगायोग लहान नव्हे. छायाचित्रें आज घरबसल्या मिळतात, मापें छापलेलीं आहेत. तेव्हां अंदाजानें काम करण्याचें कारण उरत नाहीं.

प्रमाण कोणतें घ्यावें? सुताराच्या दृष्टीनें सोयीचें प्रमाण एका फुटास अर्धा इंच, म्हणजे मूळच्या चोविसावा हिस्सा. मूळ विमानाच्या पंखांची लांबी ४५ फूट ११ इंच. ती या हिशेबानें २३ इंचांना किंचित् कमी भरते. शेपटापर्यंतची लांबी ३० फूट ३ इंच, ती १५ इंच एक सूत. उंची ११ फूट ४ इंच, म्हणजे पांच इंच पांच सूत. या मापानें वैमानिकाची मूर्ति करावयाची तर ती पावणेतीन इंचांची होईल. याहून लहान प्रमाण घेतलें तर तारा दिसेनाशा होतात, आणि मोठें घेतलें तर घरांत ठेवावयास जागा उरत नाहीं.

परदेशीं अशा कामास बाल्सा नांवाचें हलकें लांकूड वापरतात. आपल्याकडे पांगारा आहे. सावंतवाडीचीं खेळणीं याच लांकडाचीं होत, आणि चाकूखालीं तें लोण्यासारखें जातें. नाकाचा घडीव भाग, इंजिनाचें आवरण, बैठकींच्या कडा, हें सर्व पांगाऱ्यांत निघतें. मात्र पंखांच्या मधल्या उभ्या दांड्यांना तें चालावयाचें नाहीं, त्या मोडतात. त्या पिकलेल्या कळकाच्या कांबींतून काढाव्या. दांडीचा छेद गोल ठेवूं नये. मूळच्या दांड्या माशाच्या अंगाप्रमाणें पुढें गोलट व मागें निमुळत्या होत्या, हवा कापण्यासाठीं. पाहणाऱ्याला हें कदाचित् कळणार नाहीं, पण गोल दांड्यांचें विमान बाजारांतल्या खेळण्यासारखें दिसतें, आणि तें तसें कां दिसतें हें मात्र कोणासहि सांगतां येत नाहीं.

पंखाचें काम धीराचें. आडव्या दोन तुळया, त्यांवर फासळ्या, आणि फासळीची वरची रेघ कमानदार. त्यावर पतंगाचा कागद किंवा जुन्या साडीचें तलम रेशीम पातळ खळीनें चिकटवावें, व वाळल्यावर पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. दुसऱ्यांदा वाळतांना कागद ताठ होतो, आणि फासळ्यांमध्यें किंचित् दबतो. मूळ विमानाचें कापडहि असेंच, निराळें रोगण लावून, ताणलें जाई. या ताणानें पंख पिळला जाण्याचा धोका असतो. म्हणून तो पाटावर ठेवून वर वजनें ठेवावीं व रात्रभर हलवूं नये. घाईनें उचललेला पंख पिळतो, आणि पिळलेला पंख पुन्हां सरळ होत नाहीं; तो टाकून नवा करावा लागतो.

एक चूक मात्र पुष्कळांची होते. याच घराण्यांतलें आधींचें विमान डी. एच. ४. त्यांत वैमानिक व निरीक्षक यांच्यामध्यें पेट्रोलची टांकी असे, त्यामुळें दोघांच्या बैठकींत मोठें अंतर पडे. इंजिनाच्या आवाजांत एकाचें बोलणें दुसऱ्यास ऐकूं जात नसे, आणि विमान कोसळलें तर मधली टांकी कोणाच्या अंगावर येईल हें सांगतां येत नसे. डी. एच. ९ मध्यें ही रचना बदलली, वैमानिक मागें सरकला व दोघे पाठीशीं पाठ लावून जवळ बसले. ९-ए मध्यें तीच रचना राहिली. चित्र चुकून डी. एच. ४ चें हातीं आलें कीं बैठका लांब लांब पडतात. दोन बैठकींमधलें हें हातभर अंतर चुकलें तर बाकीची सगळी मेहनत फुकट गेली असें समजावें, कारण शत्रूचीं विमानें मागें लागलीं असतां ज्या दोन माणसांना एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवतां येत होता, त्यांचें हें विमान आहे.

पुढच्या तोंडाशीं मोटारीसारखें सपाट चौकोनी रेडिएटर असतें. त्याला चहाच्या गाळणीची बारीक पितळी जाळी पुरते. लांकडी पंखा मूळचा थरांवर थर डकवून केलेला होता. सागवान व शिसव यांच्या पातळ पट्ट्या आळीपाळीनें चिकटवून मग पंखा कोरला, तर थरांच्या रेघा आपोआप वळणावर उमटतात. रंगानें काढलेल्या रेघांना ती शोभा येत नाहीं. चाकें, शेपटाखालची घसरपट्टी यांत विशेष कांहीं नाहीं. तारांचें काम मात्र डोळ्यांची परीक्षा पाहणारें आहे. दोन पंखांना ताणून धरणाऱ्या मूळच्या तारा गोल नव्हत्या, चपट्या होत्या. सतारीची बारीक तार ऐरणीवर हलक्या हातानें चेपून लावल्यास त्या चपट्या तारेचा भास होतो. प्रत्येक तार दुसरीइतकीच ताणली गेली पाहिजे. एक सैल राहिली कीं सारें विमान थकलेलें दिसतें.

रंगाच्या बाबतींत बीडच्या कारागिराला दुकानाची पायरी चढण्याचेंहि कारण नाहीं. इंग्रजी विमानांच्या वरच्या अंगास त्या काळीं जो खाकी हिरवट रंग देत, तो पिवळी माती व काजळी यांच्या मिश्रणाचा होता. पिवडी आणि दिव्याची काजळी कोणत्याहि गांवांत मिळते. काजळी अगदीं थोडी घ्यावी. हिरवट झांक येतांच थांबावें. पंखांच्या खालची बाजू रंगविलेली नसे, तेथें तागाचा मळकट साईचा रंगच राही.

बाँब टांगावे कीं नाहीं, यावर हौशी लोकांत मतभेद आहेत. कांहीं जण ते गाळतात, विमान सुबक दिसतें म्हणून. पण हें विमान हवा खावयास निघालेलें नव्हतें. कायझरस्लाउटर्न हें वस्तीचें गांव होतें, आणि पंखाखालच्या बाँबांना तें माहीत नव्हतें, टाकणाऱ्यांना होतें. बाँब टांगावेतच.

आणि मग पैशाचा प्रश्न उरतो. निजामांनीं दिलेला पैसा दिवाणी खजिन्यांतला होता कीं खासगी ‘सर्फ-ए-खास’ जहागिरींतला, हा भेद दरबारी कागदांत महत्त्वाचा असेल. शिवारांत त्याला अर्थ नव्हता. संस्थानच्या उत्पन्नाचा मोठा वांटा शेतसाऱ्याचा होता. गेवराईच्या किंवा पाटोद्याच्या शेतकऱ्यानें पाटलाच्या ओसरीवर हाली सिक्क्याचे रुपये मोजून दिले, त्यांचें पुढें काय झालें हें त्याला कोणी सांगितलें नाहीं, आणि विचारण्याची सोयहि नव्हती. ज्या भाषेंत हिशेब लिहिला जाई ती उर्दू, आणि विमानावर जीं अक्षरें उमटलीं तीं इंग्रजी. मध्यें मराठी कोठेंच आली नाहीं.

साल कोणतें होतें हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. १९१८ सालीं देशभर पावसानें दगा दिला. त्याच वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत इन्फ्लुएंझाची दुसरी, अधिक मारक लाट दख्खनेंत पसरली. आपल्या लोकांनीं तिला मानमोडी हें नांव दिलें. भारतांत त्या साथीनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. ज्या आठवड्यांत हैदराबादच्या नांवाचीं विमानें ऱ्हाईनकडे जात होतीं, त्याच आठवड्यांत दख्खनच्या खेड्यांतून प्रेतें उचलावयास माणसें मिळत नव्हतीं. देणगी आधीं ठरलेली, साथ मागून आलेली. एकीसाठीं दुसरीला दोषी धरतां येणार नाहीं. पण जमाखर्चाच्या वहींत दोन्ही नोंदी एकाच पानावर पडतात, हें खरें.

म्हणून विमानाच्या अंगावर निजामांची देणगी जाहीर करणारीं जीं अक्षरें होतीं, तीं प्रतिकृतींत गाळूं नयेत. मराठवाड्यांतल्या माणसाला तीं गाळण्याचा मोह होणें साहजिक आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत त्या राजवटींत काय सोसलें, याच्या आठवणी घराघरांत आहेत. परंतु अक्षरें खोडल्यानें दिलेला सारा परत येत नाहीं, उलट तो कोठें गेला याची शेवटची खूण जाते. विमान हेंडनला आहे. त्याच्याजवळ जाऊन आपल्या पणजोबाचे रुपये ओळखणें बीडच्या माणसाला एरवीं कठीणच आहे.

हीं अक्षरें अगदीं शेवटीं काढावीं, तारा ताणून झाल्यावर नव्हे, त्यांच्या आधीं. तारांमधून हात फिरत नाहीं. गडद खाकीवर पांढरींच अक्षरें उठतात. चोविसाव्या हिश्श्यांत त्यांची उंची ज्वारीच्या दाण्याएवढीहि भरत नाहीं, तेव्हां दोन-तीन केसांची कुंचली लागते, आणि श्वास रोखून एकेक अक्षर काढावें लागतें. आधीं कागदावर पंचवीस वेळां गिरवून पाहावें. पावसाळी हवेंत पांढरा रंग वाळावयास दोन रात्री घेतो. तोंवर विमानास हात लावूं नये, आणि घरांतल्या मुलांनाहि लावूं देऊं नये.