रानातली भाजी, परसातली भाजी

(निडी गावी, नव्याने लिहायला-वाचायला शिकलेल्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज मी भाजीवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, भाजीवर काय बोलायचे? भाजी तर रोजच चुलीवर असते. खरे आहे. पण मी एक विचारते. आषाढ लागला की घरातली सारी माणसे लावणीला जातात. हाती पैसा नसतो. कणगीचा तळ दिसू लागतो. बाजारात भाजी महाग होते. त्या दिवसांत भाताबरोबर ताटात काय असते? पुष्कळ घरांत डाळीचे पातळ पाणी, नाहीतर मीठ-मिरची. आणि त्याच वेळी बांधावर टाकळा वीतभर वर आलेला असतो. आपण तो तुडवून पुढे जातो.

पेण सोडले की नागोठणे, मग निडी, मग रोहा. आगगाडीच्या खिडकीतून पाहा. एका अंगाला डोंगर, एका अंगाला भाताची खाचरे. उत्तरेला अंबा नदी, दक्षिणेला कुंडलिका. पाऊस भरपूर. अशा जागी जमीन उगी राहत नाही. ती काहीतरी उगवतेच. ते काय उगवते, ते कधी खावे आणि कसे खावे, एवढेच आज सांगायचे आहे.

पहिल्या पावसाची भाजी

मृगाचा पाऊस पडण्याच्या सुमाराला रानात शेवळे वर येतात. पान नसते. नुसता कोंब जमिनीतून निघतो. शेवळाची भाजी चवीला फार चांगली, पण घशाला खाजते. का खाजते? शेवळात, अळूत आणि सुरणात सुईसारखे फार बारीक खडे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण जिभेला आणि घशाला ते टोचतात. म्हणून आपल्या आज्यांनी दोन युक्त्या काढल्या. एक, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा. दुसरी, आंबट घालून पुष्कळ शिजवायचे. बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर काकडाची हिरवी आंबट फळे मिळतात, ती याचसाठी. काकडे ठेचून त्यांचा रस भाजीत घालावा. काकडे नसली तर चिंच घालावी. शेवळात भिजवून सोललेले वाल घातले की भाजी पोटभर होते.

मग येतो टाकळा. त्याची ओळख सोपी आहे. एका दांडीवर पानांच्या तीन जोड्या असतात. संध्याकाळ झाली की पाने मिटतात. कोवळा आहे तोवरच खुडावा. फूल आले की पान कडू आणि राठ होते. टाकळ्याची भाजी अशी करावी. पाने धुऊन मग चिरावी. थोड्या तेलात लसूण, कांदा आणि सुकी मिरची परतावी. भिजवलेली मुगाची डाळ घालावी. मग टाकळा घालून झाकण ठेवावे. वेगळे पाणी घालू नये. शेवटी मीठ आणि असले तर ओले खोबरे.

कुर्डूही याच दिवसांत येतो. त्याला गुलाबी-पांढरा तुरा येण्याआधी शेंडे खुडावेत. फोडशी गवतासारखी दिसते. कोणी तिला कुलू म्हणतात. तिची कोवळी पाने घ्यावीत, आतला टणक दांडा टाकावा. नीट धुवावी, कारण तिच्या मुळाशी माती फार असते. भारंगी कडू असते. तिची कोवळी पाने उकडून पाणी पिळून टाकतात आणि मग वाल किंवा चण्याची डाळ घालून परततात.

श्रावण आणि भाद्रपद

श्रावणात कुंपणावर कंटोळी लागतात. ही भाजी सर्वांना आवडते आणि बाजारात चांगला भाव खाते. पण कंटोळीच्या वेलाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. या वेलात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. नराला फूल येते, फळ धरत नाही. माणसे म्हणतात, हा वांझ वेल आहे, काढून टाका. असे करू नका. नर वेल उपटला तर शेजारच्या मादी वेलालाही फळ धरणार नाही. आणि खालचा कंद कधी खणू नका. कंद जमिनीत राहिला तर पुढच्या पावसात वेल आपला आपण वर येतो.

याच दिवसांत परसातले अळू माजते. चण्याची डाळ, शेंगदाणे, चिंच आणि गूळ घालून अळूचे फदफदे करतात. चिंचेऐवजी आंबोशी किंवा कोकम चालते. आंबट मात्र हवेच. ते का, हे वर सांगितले आहे.

गणपती बसल्यावर दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा रिवाज आहे. नांगरलेल्या शेतातले काही चालत नाही. मग बाया काय करतात? परसातले अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, सुरण आणि मक्याची कणसे एकत्र शिजवतात. ती ऋषीची भाजी. या रिवाजातून एक धडा मिळतो. नांगर न लावता, बैल न जुंपता, नुसत्या परसातून आणि बांधावरून एका घराचे एका दिवसाचे जेवण निघते. एक दिवस निघते, तर आठवड्यातून दोन दिवस का निघू नये?

हिवाळ्यातला वाल

भात कापून झाले तरी जमिनीत ओल उरते. त्या ओलीवर आपला कडवा वाल येतो. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. वालाच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या हवेतले नत्र जमिनीत आणतात. म्हणजे वाल आपल्याला खाऊ घालतो आणि पुढच्या भातालाही खत ठेवून जातो.

शेंगा भरल्या की पोपटी लावतात. पोपटी आपल्या रायगडची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. वर वालाच्या शेंगा, रताळी, बटाटे, वांगी, जाडे मीठ आणि ओवा. मडक्याचे तोंड पाल्याने गच्च बंद करायचे. मडके उलटे ठेवून भोवती पेंढा आणि पालापाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वाफेवर सारे शिजते. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडावे. ते चर्र होऊन लगेच वाळले की पोपटी झाली. कोणी अंडी-कोंबडीही घालतात. पण खरी गोडी शेंगांचीच. मात्र पोपटी लावताना शेजारी पाण्याची बादली ठेवा. सुके गवत पेटले तर डोंगरच्या डोंगर जळतो आणि पुढच्या पावसातली भाजीही कमी होते.

सुके वाल वर्षभर पुरतात. रात्री भिजत घालावे, फडक्यात बांधून मोड आणावे, कोमट पाण्यात टाकून सोलावे. मग बिरडे करावे. वाल कच्चे कधी खाऊ नयेत, नीट शिजवूनच खावेत.

उन्हाळ्याची बेगमी

चैत्र-वैशाखात रान सुकते. तेव्हा झाडे कामाला येतात. कोवळ्या फणसाची म्हणजे कुयरीची भाजी करा. शेवग्याच्या शेंगा खातो, तसा कोवळा पालाही खा. फणस खाल्ला की आठळ्या फेकू नका. त्या धुऊन सुकवून ठेवा, पावसात आमटीत घाला. कैरीची आंबोशी करा, कोकमे सुकवा. पेणकडच्या मिठागरांचे जाडे मीठ याच कामाचे. उन्हाळ्यात जे सुकवाल, ते आषाढात तुमच्या ताटात येईल.

काय खाऊ नये

आता नीट ऐका. हा भाग जिवाचा आहे.

ओळख पटल्यावाचून एकही पान तोंडात घालू नका. रानात औषध आहे तसे विषही आहे. पावसाळ्यात कुंपणावर कळलावी फुलते. फूल ज्वाळेसारखे लाल-पिवळे. पानाचे टोक तारेसारखे वळलेले. तिचा कंद खाल्ला तर माणूस मरतो. पोरांना ती दाखवून ठेवा. अळंबीचे तसेच आहे. कोणी सांगतात, चांदीचे नाणे काळे पडले नाही म्हणजे अळंबी चांगली. ही समजूत खोटी आहे. विषारी अळंबी शिजवली तरी विष जात नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओळख आहे, त्यांनी पाहून दिलेलीच घ्या.

चुकून कोणी काही खाल्ले आणि उलट्या-जुलाब लागले, तर घरगुती उपाय करीत बसू नका. १०८ हा आकडा फिरवा, दवाखान्याची गाडी येते. जे खाल्ले त्याचा तुकडा बरोबर न्या. डॉक्टरला त्याने मदत होते.

आणखी एक. ज्या बांधावर तणनाशक फवारले, तिथली भाजी तोडू नका. कारखान्याच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठची तोडू नका. मोठ्या रस्त्याच्या कडेची तोडू नका. पान हिरवे दिसते, पण त्यात काय उतरले ते दिसत नाही.

ही गरिबाची भाजी आहे काय?

पुष्कळ सुना-मुली म्हणतात, "टाकळा काय खायचा? ती गरिबाची भाजी." अगं, मग मुंबईत त्याच टाकळ्याची जुडी पैसे मोजून का घेतात?

पालेभाजीत लोह असते. आपल्या बायांच्या अंगात रक्त कमी असते, थकवा येतो, बाळंतपण जड जाते. त्यांना हे लोह हवे. पालेभाजीवर लिंबू पिळून खाल्ले तर लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा प्यायला तर ते कमी लागते. म्हणून चहा तासाभराने घ्या. आणि ऐका भावांनो, भाजी शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात पोचली पाहिजे. पातेले तिच्यापर्यंत येईतो रिकामे होत असेल, तर रानातली सारी भाजी आणूनही उपयोग नाही.

आता हिशेब करा. समजा, तुमच्या घरी आठवड्याला १०० रुपयांची भाजी विकत येते. पावसाचे चार महिने म्हणजे सुमारे १७ आठवडे. म्हणजे १७०० रुपये. त्यातली निम्मी भाजी रानातून आणि परसातून आली, तर ८५० रुपये घरात राहिले. पाटीवर मांडून पाहा, बरोबर येते का.

ही विद्या कोणाची?

रानभाजीची खरी जाण आपल्या कातकरी आणि ठाकूर बहिणींना आहे. पहाटे उठून त्या डोंगर चढतात आणि पेण, रोहे, नागोठण्याच्या बाजारात जुड्या मांडून बसतात. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्या आपल्याला पाला विकतात, पण त्याबरोबर ओळखही देतात. तिची किंमत कोणी धरत नाही. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्या लोकांना पूर्वापार गोळा करीत आलेले गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. हे त्यांनाही ठाऊक हवे आणि आपल्यालाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घराघरांतून गावठी बियाणे गोळा केले, जपले, दुसऱ्यांना दिले. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. त्यांना अक्षर येत नव्हते, पण बी ओळखता येत होते. तुम्हाला आता अक्षरही येते. मग तुमच्या हातून किती व्हावे!

म्हणून दोन कामे सांगते. पहिले काम. या वर्षी परसात भोपळा, दोडका, पडवळ आणि वाल लावा. पहिले चांगले फळ खाऊ नका, बियाण्याला ठेवा. बी वाळवून राखेत घालून ठेवा. रानातून भाजी खुडताना सगळी ओरबाडू नका. थोडी झाडे फुलू द्या, बी पडू द्या.

दुसरे काम वहीचे. गावात जी सर्वांत म्हातारी बाई असेल तिच्याकडे जा. तिला म्हणा, "आजी, मला भाज्या दाखव." ती दाखवील तसे वहीत चार रकाने भरा. भाजीचे नाव. कुठे येते. कोणत्या महिन्यात येते. कशी शिजवायची. आजीने ज्या पाल्याला हात लावू नको म्हटले, त्यांची नावे वेगळ्या पानावर लिहा आणि खाली रेघ ओढा.

आजीला हे सारे तोंडपाठ आहे. पण ती गेली की ते तिच्याबरोबर जाते. वहीत उतरले तर तुमच्या नातवंडांना वाचता येईल. पुढच्या आठवड्याला येताना ज्याने-त्याने निदान पाच भाज्या लिहून आणाव्यात. आपण त्या मोठ्याने वाचू, आणि एकाच भाजीला कोणाच्या घरी काय म्हणतात तेही ताडून पाहू.