सेनापतींचे मतभेद आणि राष्ट्राचा निर्णय

(सैन्यसुधारणा या विषयावर व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सैन्यसुधारणा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम शस्त्रास्त्रे उभी राहतात. नवी विमाने किती आली, तोफा कोणत्या देशाकडून घेतल्या, पाणबुडी केव्हा दाखल होणार, याची चर्चा आपण हिरिरीने करतो. आज मी त्याविषयी बोलणार नाही. शस्त्र विकत आणता येते. ते कोणाच्या आज्ञेने आणि कोणाच्या समन्वयाने चालवायचे, ही रचना मात्र बाजारात मिळत नाही. ती राष्ट्राला स्वतःच घडवावी लागते. ती घडवताना सेनाधिकाऱ्यांमध्येच मतभेद होतात. त्या मतभेदांकडे राज्यकर्त्यांनी आणि समाजाने कसे पाहावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

प्रारंभी एका मराठी सेनानीचे स्मरण करू. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, म्हणजेच एस. पी. पी. थोरात, हे कोल्हापूरच्या मातीतले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी पराक्रम गाजवला, तर कोरियात युद्धबंद्यांच्या व्यवस्थेसाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व केले. १९५७ ते १९६१ या काळात ते पूर्व विभागाचे सेनापती होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या संरक्षणाविषयी एक सविस्तर टिपण लष्करी मुख्यालयाकडे धाडले. अगदी सीमेवर विखुरलेली छोटी ठाणी प्रबळ आक्रमण थोपवू शकणार नाहीत, खरी बचावाची फळी रसद पोहोचेल अशा ठिकाणी मागे हवी आणि त्यासाठी अधिक सैन्य हवे, असे त्याचे सार होते. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धाभ्यास घेऊन त्यांनी हीच गोष्ट पुन्हा मांडली.

सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी ते टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवले, पण मंत्रिमहोदयांना ते भीती पसरवणारे वाटले. स्वतः थिमय्यांनी ऑगस्ट १९५९ मध्ये राजीनामा देऊ केला होता. पंतप्रधान नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी तो मागे घेतला आणि नंतर संसदेत टीकाही सोसली. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण झाले आणि पुढच्या महिन्याभरात काय घडले, ते आपण सारे जाणतो. थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे, की ते टिपण नेहरूंनी पाहिले ते युद्ध सुरू झाल्यावर. पर्वतीय डिव्हिजन त्यानंतर उभ्या राहिल्या. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात, ते हेच. फरक एवढाच, की येथे किंमत जवानांच्या प्राणांनी चुकवावी लागली.

यातून आपण सहसा काढतो तो बोध असा, की मेनन चुकले आणि थोरात बरोबर होते. तो खरा असला तरी अपुरा आहे. मंत्र्याने सेनापतीचे मत नाकारणे हा लोकशाहीत गुन्हा नाही. अंतिम अधिकार लोकनियुक्त शासनाचाच असला पाहिजे. दोष हा, की योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत मांडलेले मत निर्णय करणाऱ्यापर्यंत पोहोचलेच नाही. ते ऐकून, तोलून, मग स्वीकारले वा नाकारले असते, तर त्याला निर्णय म्हणता आले असते. घडली ती केवळ उपेक्षा.

आता चाळीस वर्षे पुढे येऊ. मे १९९९ च्या आरंभी कारगिलमधील घुसखोरी उघडकीस आली आणि हवाई दलाची मोहीम सुरू झाली २६ मे रोजी. मधल्या दिवसांत हवाई शक्ती कशी आणि केव्हा वापरायची, यावर दोन दलांच्या मुख्यालयांत मतभेद झाले. जवानांनी अतुल शौर्याने शिखरे परत मिळवली. तरीही रचनेतील उणीव लपली नाही. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल समीक्षा समितीने संपूर्ण संरक्षण व्यवस्थेच्या फेरविचाराची गरज सांगितली. फेब्रुवारी २००१ मध्ये मंत्रिगटाने तिन्ही दलांसाठी एक संरक्षण दल प्रमुख, म्हणजेच सीडीएस, नेमण्याची शिफारस केली.

पहिले सीडीएस जनरल बिपिन रावत यांनी पदभार घेतला १ जानेवारी २०२० रोजी. म्हणजे मधली जवळजवळ एकोणीस वर्षे गेली! वाजपेयी सरकारने राजकीय पक्षांशी विचारविनिमय करण्यासाठी हा निर्णय लांबवला. नंतरच्या सरकारने २०११ मध्ये नरेश चंद्र समिती नेमली आणि तिच्याही अहवालावर धूळ बसू दिली. आपला पक्ष, परका पक्ष असा भेद येथे करता येत नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी हेलिकॉप्टर दुर्घटनेत जनरल रावत यांचे निधन झाले, तेव्हाही हे पद ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत रिकामे राहिले. एवढ्या प्रतीक्षेनंतर निर्माण झालेले पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामे राहावे, हे कोणाही राष्ट्रभक्ताला खटकलेच पाहिजे.

सारेच रेंगाळले असे मात्र नाही. लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर या दुसऱ्या मराठी सेनानीच्या समितीने २०१६ मध्ये खर्च आणि मनुष्यबळ यांचा कठोर हिशेब मांडला. तिच्या पासष्ट शिफारशी ऑगस्ट २०१७ मध्ये स्वीकारल्या गेल्या. ब्रिटिशांनी १८८९ मध्ये सुरू केलेल्या लष्करी गोशाळा ३१ मार्च २०२१ रोजी बंद झाल्या. निर्णय घ्यायचे ठरवले, की तो घेता येतो, याचे हे उदाहरण आहे.

खरी कसोटी आहे ती एकात्मिक कमांडची. लष्कराची सात, हवाई दलाची सात आणि नौदलाची तीन, अशी सतरा स्वतंत्र मुख्यालये आपल्या व्यवस्थेत घडली. पूर्वेकडील लष्करी मुख्यालय कोलकात्याला, तर हवाई मुख्यालय शिलाँगला. दक्षिणेकडे लष्कर पुण्यात, हवाई दल तिरुवनंतपुरमला आणि नौदल कोचीला. चीनने २०१६ मध्येच आपल्या सैन्याची पाच कमांडमध्ये पुनर्रचना केली आणि भारताच्या सीमेसमोर त्यांतील एकच पश्चिम कमांड ठेवली. एका क्षेत्रात एकच सेनापती असावा, ही मागणी यातून येते आणि ती निराधार नाही.

हवाई दलाची शंकाही तितकीच विचार करण्याजोगी आहे. मंजूर स्क्वाड्रन बेचाळीस असताना, सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर संख्या तिसाच्या खाली गेली. विमान काही तासांत एका सीमेवरून दुसऱ्या सीमेवर जाऊ शकते, हेच त्याचे सामर्थ्य. थोडी विमाने अनेक सेनापतींत वाटून टाकली, तर हे सामर्थ्य बोथट होईल, असे त्या दलाला वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये महू येथील ‘रणसंवाद’ परिषदेत हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी घाई न करण्याचा सल्ला दिला आणि दिल्लीत संयुक्त नियोजन केंद्राची कल्पना मांडली. त्याच परिषदेत नौदल प्रमुख दिनेश त्रिपाठी यांनी एकात्मिक कमांडच्या बाजूने मत दिले.

हे ऐकून काहींना सेनापतींचे भांडण चव्हाट्यावर आल्याचे वाईट वाटले. मला तसे वाटत नाही. १९५९ चे मत फायलीत दडपले गेले होते. २०२५ चे मत राष्ट्राने ऐकले. शिस्त म्हणजे मुकेपण नव्हे. निर्णयापूर्वी निर्भयपणे बोलणे आणि निर्णयानंतर निष्ठेने पाळणे, ही सेनाधिकाऱ्याची खरी शिस्त.

परंतु दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असूनही निर्णय पक्का नसला, तर काय होते, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण आणि तोफखाना होता, तशीच गनिमी काव्यात मुरलेली होळकरांची घोडदळेही होती. दोन्ही युद्धपद्धती समर्थ होत्या. पराभवाला इतरही कारणे होती. पण १४ जानेवारी १७६१ च्या रणांगणावर या दोन पद्धतींचा मेळ बसला नाही, हे शल्य आपल्या इतिहासात कायमचे रुतून बसले आहे.

म्हणून राज्यकर्त्यांकडे आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. हवाई दलाच्या शंकेला बंडखोरी समजू नका आणि तिच्या आडून निर्णयही टाळू नका. तिन्ही दलांची मते लेखी घ्या, अभ्यासाच्या कसोटीवर घासा, संसदेच्या स्थायी समितीपुढे कारणे ठेवा आणि मुदत घालून निर्णय करा. आंतरदलीय संस्थांच्या प्रमुखांना तिन्ही दलांच्या सैनिकांवर शिस्तीचे अधिकार देणारा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १० मे २०२४ पासून लागूही झाला. पाया घातला आहे. प्रश्न उरला आहे तो इच्छाशक्तीचा.

आणि आपण नागरिकांनी काय करावे? सैनिकाला हार घालणे सोपे आहे. त्याच्या सेनापतीचे अप्रिय मत शांतपणे ऐकून घेणे अवघड आहे. थोरातांचा गौरव त्यांच्या पुतळ्यापुढे नतमस्तक होण्याने पूर्ण होणार नाही. त्यांच्यासारखा स्पष्ट बोलणारा पुढचा अधिकारी एकाकी पडणार नाही, एवढी जाण समाजात रुजली, तरच तो पूर्ण होईल.

भारतमाता की जय!