फणसाचं पेन आणि दिल्लीची हवा



मी सुतार. सावंतवाडीकडचा म्हटलं की लोक लगेच चितार आळीतल्या रंगवलेल्या लाकडी फळांची आठवण काढतात. ती कला वेगळी, ते कलाकार वेगळे. आमच्या घरची कामं म्हणजे दारं-खिडक्या, पाट, पाळणे. पेनांकडे मी वळलो तो उरलेल्या तुकड्यांपायी. शिसवाचे, सागाचे, फणसाचे वीतभर तुकडे बंबात जायचे आणि मला ते बघवत नसे.

पेन कसं करतात ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी भानगड तिथंच आहे. लाकडाची बोटाएवढी कांडी घ्यायची, तिचे दोन भाग करायचे, प्रत्येकाला मधोमध सात मिलिमीटरचं भोक पाडायचं. त्या भोकात पितळेची नळी डिंकानं, म्हणजे इपॉक्सीनं, पक्की बसवायची. मग कांडी लेथवर चढवून गोल पटाशीनं कातायची, काचपेपरनं घासायची, पॉलिश करायचं आणि टोक, क्लिप वगैरे धातूचे भाग दाबून बसवायचे. एका पेनाला मला सव्वा तास लागतो. आतली नळी दिसत नाही, पण पेनाचा सगळा जीव तिच्यात असतो.

२०२२ साली मला दिल्लीच्या व्यापार मेळ्यात महाराष्ट्राच्या दालनात एक टेबल मिळालं. प्रगती मैदानावरचा हा मेळा १४ ते २७ नोव्हेंबर असा भरतो. मी २२० पेनं घेऊन भाच्याबरोबर निजामुद्दीनला उतरलो. त्यांतली साठ फणसाची होती. फणसाचं लाकूड ताजं कातलं की हळदीसारखं पिवळं दिसतं, पुढं उजेडानं तपकिरी होत जातं. मला वाटलं, दिल्लीकरांना हा रंग नवा, तो हातोहात खपेल. म्हणून सगळ्यांत पुढं तीच मांडली, वरच्या झगझगीत दिव्याच्या बरोबर खाली.

पहिले पाच दिवस व्यापाऱ्यांचे असतात, हे मला ठाऊक नव्हतं. एक पेन कुणी घेईना. येणारा विचारी, ‘मिनिमम कितने पीस?’ आणि मी म्हणे, ‘एक.’ तो हसून पुढं जाई. एका निर्यातदारानं शिसवाचं पेन उचललं आणि कागद आहेत का म्हणून विचारलं. शिसवाच्या सगळ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत, ही माहिती मला अशी दिल्लीत जाऊन, परक्या माणसाकडून मिळाली. सुताराच्या पोराला!

पहिल्या दिवशी भवानीसुद्धा झाली नाही. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरचे कोल्हापुरी चपलांचे काका उठून आले. म्हणाले, ‘बाळा, चप्पल कुणी बघून घेतं का? पायात घालून बघतात. तू पेनं देवघरातल्या देवासारखी काय मांडून ठेवलीयस?’ दुसऱ्या दिवशी मी टेबलावर कागदाचं पॅड ठेवलं आणि थांबणाऱ्याच्या हातात पेन द्यायला लागलो. हातात नवं पेन आलं की माणूस काय लिहितो, सांगा पाहू? दहांतले नऊ जण सही करतात. व्यापारी, पोलीस, शाळकरी मुलगी, सगळे सहीच करतात. आणि एकदा सही झाली की ते पेन खाली ठेवताना हात जरा रेंगाळतो. तिथून विक्री सुरू झाली.

किंमत ४५० रुपये होती. ‘लकड़ी ही तो है,’ असं म्हणून घासाघीस करणारे पुष्कळ. आधी मला राग यायचा. मग मी हिशेबच सांगायला लागलो. धातूचे भाग, डिंक, पॉलिश मिळून १४५ रुपये. माझा सव्वा तास, दिवसाची हजेरी आठशे धरली तर सव्वाशे. उरले १८०. त्यांतून गाडीभाडं, दिल्लीतलं राहणं आणि लेथवर फुटून वाया गेलेल्या कांड्या. काही जण हिशेब ऐकून पैसे काढत, काही जण तो ऐकून आणखी पन्नास कमी करायला सांगत. एका निवृत्त गृहस्थांचा प्रश्न मात्र खरा होता, ‘रिफिल संपल्यावर काय करू?’ माझ्या पेनाला बसणारी बारीक रिफिल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. दहा रिफिली मी बरोबर आणल्या होत्या, त्यांतल्या दोन त्यांना दिल्या. पण उत्तर काही दिलं नाही.

चौथ्या दिवशी एका कंपनीचे खरेदी बघणारे साहेब आले. त्यांना नव्या वर्षाच्या भेटीसाठी ३०० पेनं हवी होती, सगळी फणसाची. रंग फार आवडला होता. उद्या येऊन आगाऊ रक्कम देतो म्हणाले. रात्री झोप कसली येते! भाच्यानं दुसरा लेथ घ्यायचा बेतही करून टाकला.

पाचव्या दिवशी सकाळी फडक्यानं पेनं पुसताना नखाला काहीतरी लागलं. केसाएवढी बारीक चीर, उभी, क्लिपपासून टोकाकडं गेलेली. दुसरं पेन बघितलं, त्यालाही तशीच. साठांपैकी शिल्लक होती ४६. त्यांतल्या १९ पेनांना चिरा होत्या.

कारण मला तिथंच उमगलं, कारण चूक माझीच होती. ते लाकूड पावसाळ्याच्या तोंडावर कापलेलं. पेनं केली भाद्रपदात, कोकणातल्या भिजक्या हवेत. लाकूड वाळलं की आडवं आक्रसतं, पण आतली पितळेची नळी तसूभरही आक्रसत नाही. मग लाकडानं जायचं कुठं? ते फुटतं. दिल्लीची कोरडी हवा आणि वरून तो दिवा, पाच दिवसांत निकाल लागला. दाराची फळी वर्ष-वर्ष माळ्यावर वाळत ठेवणारा मी, पेनाच्या वेळी मात्र ‘एवढासा तर तुकडा’ म्हणालो.

घरी फोन केला. भाच्याचं म्हणणं, चिरलेली बाजूला काढू, साहेबांना चांगली दाखवू, पैसे घेऊ, पुढचं पुढं. बायको फोनवर एवढंच म्हणाली, ‘खरा काय ता सांगान टाका. मागीर तोंड लपवची पाळी नको.’

साहेब दुपारी आले. मी चिरलेली पेनं त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणालो, वाळलेलं लाकूड आत्ता माझ्याकडं नाही, वर्ष लागेल. त्यांनी एक पेन उलटसुलट करून पाहिलं, घड्याळ पाहिलं, माझं कार्ड खिशात घातलं आणि गेले. त्यांचा फोन आला नाही. वर्षभरानं मीच केला, तर त्यांनी कुठूनतरी स्टीलच्या बाटल्या घेतल्या होत्या.

फणसाची सगळी पेनं मी पेटीत भरली. राहिले विकलेले चौदा नग. पावतीपुस्तकात फोन नंबर होते. रोज संध्याकाळी मेळा उठला की भाचा नंबर लावायचा आणि मी बोलायचो. चौदांपैकी अकरा जण भेटले. सहा जणांच्या पेनांना चिरा होत्या, दोघांनी पैसे परत घेतले, बाकीच्यांना बदली शिसवाची पेनं दिली किंवा पोस्टानं पाठवली. रिफिलीचं विचारणारे गृहस्थही त्यांतलेच. ते म्हणाले, ‘चीर राहू द्या, रिफिलीचं बघा.’

त्यांचं ऐकून पुढच्या मालापासून मी पार्कर पद्धतीची, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी रिफिल वापरतो. त्यासाठी जाड नळी लागते, पेनही थोडं जाड झालं. काहींना ते आवडत नाही. आणि माळ्यावर आता फणसाच्या कांड्यांच्या चळती आहेत, प्रत्येक कांडीवर पेन्सिलीनं तारीख घातलेली. वर्ष पुरं झाल्याशिवाय नळी बसवायची नाही, हे भाच्यालाही बजावलं आहे.

दिल्लीत एकूण १३१ पेनं खपली. खर्च वजा जाता हाती फारसं राहिलं नाही. न भेटलेल्या तिघांपैकी एक नंबर बंद लागतो, एक भलत्याच माणसाचा निघाला, तिसरा नुसता वाजत राहतो. त्यांची शिसवाची तीन पेनं मी लेथच्या खणात वेगळी ठेवली आहेत. तिसऱ्याला अजून मधूनमधून लावून बघतो.