सरासरीपलीकडची आवड



स्वागत समितीच्या वतीने मी राज्यभरातून आलेल्या आपणा सर्व प्रतिनिधींचे मनःपूर्वक स्वागत करतो. सौंदर्याच्या आवडीतील आणि पारखीतील व्यक्तिभेद हा या मानसशास्त्र परिषदेचा विषय, आणि गाव गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे मिरज, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या नादाची घडण, गवयाचा कान ओळखून काढली जाते. कुणाला ती खुली हवी, कुणाला बंद. घोडीवर कानस किंचित जास्त फिरली तरी नाद बदलतो. मात्र तार उतरलेली कुणालाच चालत नाही. सूर सर्वांचा, जवारी ज्याची त्याची. पारख आणि आवड यांचे नाते इतके स्पष्ट मला इतरत्र कुठे दिसलेले नाही.

प्रेक्षकाचे वय आणि प्रकृती यांप्रमाणे आवड बदलते, हे नाट्यशास्त्राने कधीच नोंदवले आहे. या आवडीच्या प्रायोगिक अभ्यासाचा पाया घातला तो जर्मनीत गुस्टाव्ह फेख्नर यांनी. सौंदर्यशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १८७६ चा. त्यांनी समोर ठेवलेल्या दहा आयतांपैकी सुवर्णप्रमाणाचा आयत सुमारे ३५ टक्के लोकांनी निवडला. तो आकडा गाजला, बाकीचे लोक विस्मरणात गेले. पुढे १९८० मध्ये मानसशास्त्रज्ञ ख्रिस मॅकमॅनस यांनी अशा आकृतींबाबत एकेका माणसाची पसंती स्वतंत्र तपासली. समूहाचा कल क्षीण निघाला, पण प्रत्येकाची स्वतःची आवड ठळक आणि टिकाऊ होती. सरासरीने माणूसच झाकून टाकला होता!

ही आवड येते कुठून? कोणते चेहरे सुंदर वाटतात याविषयी जुळ्यांचा जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात माणसामाणसांतील फरकाचे मुख्य कारण आनुवंशिकता नव्हे, तर ज्याचे त्याचे वेगळे अनुभव असल्याचे आढळले. एका घरात वाढूनही डोळे निराळे घडतात. पालकांनी आणि कलाशिक्षकांनी हे मनावर घ्यायला हवे.

निवास-भोजनाची व्यवस्था कार्यकर्त्यांनी आपुलकीने केली आहे. काही उणे वाटल्यास हक्काने सांगा.

एक मागणे मात्र आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रश्नावल्यांवर थांबू नका. भजनी मंडळातल्या आजी, तमाशाचा जुना प्रेक्षक, आमच्या गल्लीतला कारागीर यांना काय सुंदर वाटते आणि का, ते त्यांच्याच बोलीत विचारा, आणि मराठीत लिहा.