पाकीट घेतलंत, आता रक्तही तपासा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला एखादा खलाशी लघवीच्या जागी जळजळ होते, पू येतो म्हणून सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकची पायरी चढतो, तेव्हा त्याने मोठं धाडस केलेलं असतं. दुखणं कितीतरी दिवस अंगावर काढलेलं असतं. ‘गरमी झाली’ म्हणून कुणाच्या सांगण्यावरून धणे-जिऱ्याचं पाणीही पिऊन झालेलं असतं. डॉक्टर तपासतात आणि करड्या रंगाचं पाकीट हातात ठेवतात. आत अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, एकदाच घ्यायचं. मग समुपदेशक म्हणतात, “आता आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जाऊन एचआयव्हीची तपासणी करून घ्या.”

इथे गाडी अडते. ‘आज घाई आहे, बोट सुटायचीय, पुढच्या खेपेला बघू.’ जळजळ थांबली की पुढची खेप राहूनच जाते.

ज्या वाटेने हा गुप्तरोग आला, त्याच वाटेने एचआयव्हीही येतो. शिवाय जननेंद्रियावर जखम असेल, तर विषाणूला आत शिरणं सोपं जातं. पाकिटातल्या गोळ्या जळजळ घालवतात, एचआयव्हीला त्या काहीही करत नाहीत. हे पुन्हा सांगायला हवं, कारण नेमकं इथेच लोक फसतात: त्रास थांबला म्हणजे एचआयव्ही नाही, असं होत नाही.

हापूसच्या बागायतदाराला हे चटकन पटेल. आंबा वरून सोन्यासारखा, देठाजवळ घमघमाट, आणि कापला की आत साका, म्हणजे गर खराब. सालीवरून साका ओळखता येत नाही, म्हणून जाणता बागायतदार पेटी भरण्याआधी दोन-चार फळं कापून बघतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. माणसाची प्रकृतीही अशीच वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकते. बरं, इथे कापाकापी नाही, थोडंसं रक्त पुरतं. आणि साक्याचं फळ फेकावं लागतं, तसं माणसाचं मुळीच नाही. २००४पासून सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांत औषध मोफत मिळतं, २०१७पासून तर निदान होताच सुरू करतात. ते नियमित घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

मग अडतं कुठे? भीतीपाशी. रत्नागिरीसारख्या गावात रांगेत ओळखीचं कुणी भेटणारच, ही भीती खोटी नाही. पण १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले, तर संमतीशिवाय चाचणी नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही. नोकरीत किंवा उपचारात भेदभाव करायलाही त्याने मनाई केली आहे. तरीही संकोच वाटत असेल, तर कामथे किंवा कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. चाकरमान्यांनी तपासणी मुंबईत करून घ्यावी. कुठेही करा, पण करा.

तपासणीला नकार दिला म्हणून गुप्तरोगाचं औषध कुणी अडवणार नाही. पण बाबांनो, इतक्या दूर येऊन, इतकी लाज गिळून, त्या तपासणी केंद्रावरून तसंच पुढे का जायचं?

गरोदर बायांविषयीही बोलायचं होतं. पहिल्याच तपासणीत एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही बघितले तर बाळाला वाचवता येतं, आणि नवऱ्याने सोबत यायला हवं… पण मिनिटं संपत आली आहेत. एवढं मात्र लिहून घ्या: संबंध नुकताच आला असेल, तर निगेटिव्ह निकालावर विसंबू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. शंका असेल, तर १०९७ हा मोफत क्रमांक फिरवा. नाव सांगण्याची गरज नाही.