मेंदूची दुरुस्ती आणि गटाचे दीड लाख

आम्ही होटगीच्या एका बचत गटातल्या बाया. आज आम्ही मेंदूबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आम्ही काही डॉक्टर नाही. पण गटाच्या बैठकीत एक प्रश्न आला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता जे कळलं, ते तुम्हालाही सांगावं असं वाटलं.

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्यातल्या एका मैत्रिणीनं दीड लाखाचं कर्ज मागितलं. शेळ्या, पिठाची गिरणी, लेकीची फी यासाठी आमच्या गटातून वीस-तीस हजार जातात आणि फिरून येतात. एकीला दीड लाख आम्ही कधी दिले नव्हते. तिला ते हवे होते नवऱ्याच्या मेंदूच्या दुरुस्तीसाठी.

दाजी रेल्वेत गँगमन होते. होटगी जंक्शनच्या रुळांवर उन्हापावसात आयुष्य गेलं. साठीच्या आतच उजवा हात थरथरायला लागला. मग पावलं बारीक झाली, आवाज खाली गेला, चेहऱ्यावरचं हसू मावळलं. गावात कोणी म्हणालं भानामती, कोणी म्हणालं पितो. दाजींनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. सोलापूरला दाखवलं तेव्हा कळलं की हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन.

गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटलं. चार-पाच वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागला. तेवढ्यात मोबाईलवर एक व्हिडिओ आला. स्टेम सेल म्हणजे मूळपेशींचं इंजेक्शन, दोनदा घ्यायचं, महिन्यात थरथर बंद. मैत्रिणीनं त्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला आणि म्हणाला, पैसे लवकर भरा, जागा थोड्या आहेत.

आम्ही म्हणालो, पंधरा दिवस दे, चौकशी करतो. ती उठली आणि म्हणाली, "तुमच्या घरात असतं तर पंधरा दिवस मागितले असते का गं?" कुणालाच उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी तिला आणि दाजींना घेऊन वडापनं सोलापूरला गेल्या. जुने कागद, गोळ्यांची पाकिटं, तो व्हिडिओ, सगळं मेंदूच्या डॉक्टरांपुढे ठेवलं. एकीची लेक नर्सिंग शिकते, तिनं वाचून आम्हाला समजावलं.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात. त्या डोपामीन नावाचं रसायन तयार करतात. हात उचल, पाऊल टाक, हा निरोप सुरळीत पोचायला ते लागतं. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरू लागतो, तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. दाजींनी हे ऐकलं आणि त्यांच्या बारीक आवाजात म्हणाले, "इंजिन चांगलं, डबे चांगले. सिग्नल पडत नाही." आम्हाला यापेक्षा सोपं सांगता येणार नाही.

आता औषध. त्याचं नाव लेव्होडोपा. पोटात गेल्यावर मेंदूत त्याचं डोपामीन होतं. आपल्या रानात, कुंपणावर खाजकुइलीचा वेल असतो, शेंगेला हात लागला की आग होते. तिच्या बीमध्ये हेच लेव्होडोपा असतं. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात. १९३७ साली मद्रासच्या दोन शास्त्रज्ञांनी, दामोदरन आणि रामस्वामी यांनी, ते त्या बियांतून वेगळं काढून दाखवलं. कंपवातावर त्याची गोळी १९६० च्या दशकात आली. पण म्हणून कुणी बिया कुटून देऊ नका. बीमध्ये औषध किती ते कळत नाही, आणि आधीच गोळी चालू असेल तर जास्त होऊन उलट्या, चक्कर, भास होऊ शकतात.

डॉक्टरांनी मैत्रिणीला विचारलं, "गोळी कशाबरोबर देता?" ती म्हणाली, "दुधाबरोबर. ताकद यावी म्हणून." इथंच गोम होती. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं आणि ही गोळी एकाच दारानं आत शिरतात. दाराशी गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून ती साधारण जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर घ्यायची आणि रोज ठरलेल्या वेळेला घ्यायची. डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या. एक गोष्ट लक्षात ठेवा. ही गोळी मनानं एकदम बंद करायची नाही, त्यानं जिवावर बेतू शकतं.

आता ज्याच्यासाठी दीड लाख मागितले, ती दुरुस्ती. ही गोष्ट अगदीच खोटी नाही, म्हणून तर माणूस फसतो. जपानच्या यामानाका या शास्त्रज्ञानं २००६ साली शोधून काढलं की अंगातली साधी, मोठी झालेली पेशी पुन्हा मूळपेशीसारखी करता येते. तिच्यापासून हवी ती पेशी वाढवता येते. त्याबद्दल त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. त्याच वाटेनं क्योटो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी डोपामीन करणाऱ्या पेशींची रोपं तयार केली आणि कंपवाताच्या सात रुग्णांच्या मेंदूत लावली. दोन वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. सहा जणांत गुण किती आला ते तपासलं, त्यातल्या चौघांची हालचाल सुधारली. अमेरिका आणि कॅनडात दुसऱ्या एका पद्धतीच्या पेशी बारा जणांना दिल्या. दोन्हींचे निकाल एप्रिल २०२५ मध्ये छापून आले. लावलेल्या पेशी जगल्या, आणि पेशींमुळे मोठा अपाय दिसला नाही.

आम्हाला ऐकून आनंद झाला. मैत्रिणीचे तर डोळे चमकले. मग डॉक्टरांनी सांगितलं, नीट मोजा. सात आणि बारा. एकोणीस माणसं. आणि त्या पेशी दंडात किंवा कमरेत टोचल्या नव्हत्या. कवटीला बारीक भोक पाडून, मेंदूत नेमक्या जागी सोडल्या होत्या. शरीरानं त्या परक्या म्हणून मारू नयेत यासाठी वर्षभर किंवा त्याहून जास्त प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली होती. या चाचण्यांचा पहिला प्रश्न हाच होता की हे धोक्याविना करता येतं का. गुण किती येतो, किती वर्षं टिकतो, हे मोठ्या चाचण्यांतून ठरतं. व्हिडिओतल्या इंजेक्शनाचा आणि या कामाचा संबंध नावापुरता.

आपल्या देशाचा नियमही आम्ही विचारून घेतला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद म्हणजे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या काही आजारांत मूळपेशींचा उपचार मान्य आहे. कंपवातासारख्या आजारात मूळपेशी द्यायच्या तर फक्त मंजूर झालेल्या चाचणीत, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत.

म्हणून आम्ही तीन प्रश्न ठरवले. तुम्हीही वहीत लिहून ठेवा. पहिला, ही चाचणी सरकारी नोंदणीत आहे का, आणि तिचा नंबर काय? भारतात अशा चाचण्यांची सीटीआरआय नावाची नोंदवही २००७ पासून आहे आणि ती कुणालाही मोबाईलवर बघता येते. दुसरा, पैसे कशाचे घेता? तिसरा, हे सगळं लिहून, सही-शिक्क्यानिशी द्याल का? मैत्रिणीनं त्या माणसाला फोन लावून पहिला प्रश्न विचारला. त्यानं फोन ठेवला.

तरी ती पंधरा दिवस आमच्याशी बोलली नाही. आम्ही तिची आशा हिरावली होती, आणि आशा हिरावणाऱ्याचा राग येतोच. एक दिवस ती स्वतःच आली आणि म्हणाली, "मग मी करू तरी काय? बघत बसू?" हा प्रश्न खरा होता.

त्याचं उत्तर आम्ही सगळ्यांनी मिळून काढलं. गटानं दीड लाखाऐवजी वीस हजार दिले. मोरीत धरायला नळीचा दांडा बसवला, फरशी खरबरीत केली, संडासात उंच बैठक आणली, कारण कंपवाताचा माणूस पडला की हाड मोडतं आणि तिथून खाट लागते. उरलेल्या पैशांत तपासणीच्या फेऱ्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची फी भागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मान्य आहे आणि त्यात पार्किन्सन आहे, हेही तेव्हाच कळलं. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळतं. दाजींचा अर्ज आम्ही भरून दिला.

आणखी एक युक्ती सांगतो, तिला पैसा लागत नाही. दाजींचे पाय उंबऱ्याशी आले की जमिनीला चिकटायचे. ढकललं तर तोल जायचा. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं, पुढे आडव्या रेघा ओढा आणि प्रत्येक रेघ ओलांडायला सांगा. मेंदूचा आपोआप चालायचा रस्ता अडला की डोळ्यांनी बघून चालायचा दुसरा रस्ता उघडतो. आता मैत्रीण रोज सकाळी उंबऱ्यापुढे रांगोळीच्या पाच आडव्या रेघा ओढते. ठेक्यानंही असंच होतं. पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या माणसांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले, आणि पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण नि घरचे एकत्र येऊन व्यायाम करतात, गप्पा मारतात. आमच्याकडे टाळ आहेत. संध्याकाळी नातू टाळ वाजवतो आणि दाजी त्या ठेक्यावर अंगणात फेऱ्या घालतात.

मैत्रिणींनो, संशोधनातून आपल्या कामाचं अजून काय मिळतं तेही ऐका. कंपवात हात थरथरायच्या आधी वर्षानुवर्षं खुणा देतो. वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता जात नाही, माणूस झोपेत ओरडतो, हातपाय झाडतो, चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक होतं. मैत्रीण आठवून म्हणाली, "तव्यावर भाकरी करपली तरी ह्यांना वास यायचा नाही. मला वाटायचं, लक्ष नाही." एखादी खूण असली म्हणजे आजार आहेच असं नाही. पण दोन-चार एकत्र दिसल्या तर दाखवून घ्या.

फवारणीचंही बघा. पॅराक्वाट या तणनाशकाचा कंपवाताशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. युरोपात ते २००७ पासून बंद आहे. ऊस असो की द्राक्षबाग, औषध उघड्या हातानं कालवू नका, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून मारू नका, आणि रिकामा डबा पाण्याला वापरू नका.

मेंदूच्या झिजेचा दुसरा मोठा आजार म्हणजे स्मृतिभ्रंश. २०२३ साली छापून आलेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. अमेरिकेत २०२३ साली लेकॅनेमॅब नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. ते घसरण थोडी मंदावतं, पण गेलेली आठवण परत आणत नाही, आणि मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असतो. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या आयोगानं सांगितलं की १४ कारणं आवरली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात. त्यात आहे बीपी, साखर, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, धूर, तंबाखूचं धूम्रपान, डोक्याला मार, एकटेपणा आणि कमी शिक्षण. म्हणजे लेकीला शाळेत ठेवणं हेसुद्धा तिच्या म्हातारपणच्या मेंदूचं औषध आहे.

आशाताई तिशीपुढच्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? सासूबाईंच्या वतीनं घाईघाईनं "नाही" म्हणू नका. त्यांना विचारा, आठवून बघा, खरं सांगा.

दाजी बरे झाले का, असं तुम्ही विचाराल. नाहीत. आजार पुढे सरकतोच आहे. एखादी मोठी चाचणी उद्या यशस्वी झाली, आपल्याकडे रीतसर आली, तर आम्ही सगळ्या तिच्याबरोबर उभ्या राहू आणि तेव्हा दीड लाखाचा विचार पुन्हा करू. तोवर दर गुरुवारी दुपारी आमच्यातली एक जण दाजींजवळ बसते, म्हणजे मैत्रिणीला दोन तास निवांत झोप मिळते. आजाऱ्याची सेवा करणारीही माणूसच असते, हे आम्हाला तिच्या त्या रागानं शिकवलं.

तुमच्या गटात असं कर्ज मागायला कुणी आलं, तर तिला झिडकारू नका आणि डोळे मिटून पैसेही देऊ नका. तिच्याबरोबर वडापमध्ये बसा.